मोहिद्दीनच्या ग्रोसरीच्या वर

...आणि लिफ्टचं दार नेमकं तेव्हाच बंद व्हायचं होतं! तुम्हाला सांगते, दुबईतल्या या करामा भागातल्या लिफ्टना माणुसकीच नाही. खालच्या ग्रोसरीतला मोहिद्दीन वॉचमनला सांगत होता, "वो चार सौ तीन की पर्णिका है ना, उसको लेने फुजैरा से..." आणि खलास! दार बंद. आता दोन तासांवरच्या फुजैराहून कोण? न्यायला म्हणजे? अहो, पोरगी चौदा वर्षांची! मला दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय नाही हं, पण चार थालीपिठं डब्यात घातली आणि बेल वाजवली.

तिची आई कमलिनी ऑफिसात, सहाशिवाय येत नाही. पर्णिका कॉम्प्युटरला चिकटलेली. तरीच म्हटलं, यांचा फोन दोन महिने सारखा एंगेज का, इंटरनेट त्याच लाइनवर ना!

"काय गं, फुजैराला कोण आहे तुझं?"

"शेरी, आँटी. माय बेस्ट फ्रेंड. शी इज फिफ्टीन."

"पाहिलीस कधी?"

"नो, वी चॅट."

"आवाज तरी?"

"हर फोन इज आऊट ऑफ ऑर्डर."

दोन महिने? इथे फोन बिघडला तर दुसऱ्या दिवशी माणूस दारात! आणि बुधवारी म्हणे शेरीचे अंकल हिला बर्थडेला न्यायला येणार, पण घरी सांगायचं नाही... सरप्राइज!

"पत्ता दिलास?" तर उसळली, "आय ॲम नॉट स्टुपिड! ओन्ली सेड, अबव्ह मोहिद्दीन्स ग्रोसरी."

आता सांगा, इथे दुसरा पत्ता असतो का? अमक्या लाँड्रीच्या मागे, तमक्या कॅफेटेरियाच्या वर... हाच तर पत्ता! मला डोकवायची सवय नाही, पण संध्याकाळी कमलिनीला सगळं सांगितलं.

बुधवारी तिचे वडील सिद्धार्थ कामावर न जाता घरीच थांबले. बेल वाजली. माझं दार जरासं उघडं होतं, हवेसाठी. चाळिशीचा गृहस्थ, हातात चॉकलेटचा डबा. सिद्धार्थ एवढंच म्हणाले, "शेरीला फोन लावा, बोलतो मी." तर पठ्ठ्या जिन्यानंच पळाला! पोलिसांत कळवलं लगेच.

पोरगी जेवली नाही. मग हळूच, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली, "मावशी, मग मी दोन महिने कुणाला सगळं सांगत होते?" जवळ घेतली.

बिल्डिंगभर झालं, पर्णिकानं कुणा पोराला घरी बोलावलं. माणूस आला हे खरं. पोरगा नव्हे, बोलावलाही नव्हता. पण ग्रोसरीवर तर सोळा फ्लॅट, मग त्यानं नेमकी हीच बेल कशी वाजवली?

अहो, दाराच्या फटीतून मी ओळखला ना त्याला! लिफ्टच्या त्या प्रकाराच्या आदल्याच दिवशी ग्रोसरीत भेटलेला. काय गोड मराठी! "काकू, कमलिनीताईंच्या माहेरचा मी. लग्नाची पत्रिका हातात द्यायचीय." दुबईत असं मराठी कानावर पडलं की माणूस विरघळतो हो... पत्रिका म्हटल्यावर चौथा मजला, चारशे तीन, आई सहाला येते, पोरगी दोनपासून एकटी, सगळं सांगून मोकळी! मोहिद्दीन मला डोळे वटारत होता, मला वाटलं, कोथिंबिरीचे पैसे मागतोय. त्याला म्हणे तो आधी 'फुजैराहून पर्णिकाला न्यायला आलोय' म्हणून फ्लॅट विचारत होता, त्यानं सांगितला नव्हता!

कमलिनीला कबूल केलं. आठवडाभर बोलली नाही, बरोबरच आहे. आता कुणी मराठीत काही विचारलं की मी हिंदीत सांगते, "मालूम नहीं."

बरं, ते जाऊ दे... तुम्ही कितव्या मजल्यावर राहता म्हणालात?