चवथीची नेवरी

—नाही गो अंकिता बाय, सुदेशकडे कुत्रं नाही, लिही तसं. माझा सख्खा पुतण्या तो, पिल्लू दिसलं तरी लाथ घालतो, मग कुत्र्याचा जंत त्याच्या मेंदूत शिरेल कसा? तू आरोग्य केंद्रातली, शिकलेली. मी चौथी, तीही मास्तरांच्या खुर्चीला खाजकुयली लावली म्हणून अर्धी. अळी रक्तातून डोक्यात चढते म्हणतेस — तिथे जागा बरीच मोकळी, ते खरं. पण दसऱ्यानंतर आकडी आली, जीभ चावून तोंडभर रक्त, शुद्धीवर येताना बायकोला, गौरवीला, ओळखेना — मुसळ घातलं तिच्या हातावर, हाड कडकन मोडलं. मग तिने भूत उतरवणारा घाडी आणला. घाडी म्हणाला, देवचार लागलाय. मिरच्यांची धुरी, निगडीच्या झुडपाचे ओले फोक — पाठीची सालं निघाली गो. पाय कोणी धरले? मी धरले, चुलता मी, दुसरा कोण धरणार? काका सोड, काका सोड करत होता, त्यातच पुन्हा आकडी — घाडी म्हणतो, बघा, निघतोय. पणजीच्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्या गौरवीने विहिरीत टाकल्या. आज दुपारी घाडी परत येतोय, कोयता तापवून कपाळावर डाग देणार.

माझ्याकडे? आहे ना कुत्री, मागे चिंचेखाली व्यालेली, पाच पिल्लं, सगळी घाण तिथेच. पण तिथली माती कोण खाईल — खातो कोण माती?

खाल्ली. चवथीला भजनाला आला होता. माझी बायको नेवऱ्या, करंज्याच गो, भरत होती, एक मी भरली — वर खोबऱ्या-गुळाचं चून, खाली माती, चिंचेखालचीच, भुसभुशीत म्हणून, पिठाच्या चाळणीने चाळलेली. वाटलं, थुंकेल, सगळे हसतील. पण गणपतीसमोर बसलेला, प्रसाद थुंकायचा कसा? डोळ्यांत पाणी आलं, तरी अख्खी गिळली. वर मला म्हणतो, काका, गूळ जरा कमी पडला. महिनाभर हसलो मी त्यावर.

हे लिहू नको. — नाही, लिही. पण तुझा कागद गौरवी वाचायची नाही. माझ्या तोंडून ऐकलं तरच ती घाडीला दारातून परतवील. आणि फोक भिजवून ठेवलेत, माणसं जमलीत. ती माणसं काय रिकाम्या हातांनी घरी जाणार? थांब, सदरा काढून ठेवतो, एकच धड आहे, फोकांनी फाटायचा. तू कुठे निघालीस माझ्याबरोबर? तुझी बस येईल, जा. जा म्हणतो ना.