काकांच्या वतीनं

तुम्ही हसता राजेहो, पण सर्वेचं काम सोपं नाही. आमचा नियम असा, की पेशंट बोलू शकत नसेल तर घरच्यानं उत्तर द्यायचं, पण पेशंट जे म्हणाला असता तेच. बूढापारा मोहल्ल्यात एका काकांना लकवा झालेला, वाचा गेलेली. काकूले मी नियम समजावला अन् विचारलं, "काकांना दुखतं का?"

"'नाही' म्हणतील."

मी टिक केली. काकू म्हणाल्या, "कूस बदलून दिली की कण्हतात."

"मंग नाही काहून म्हणता?"

"मी कुठं म्हणते? ते काय म्हणतील, हेच विचारलं न तू? चाळीस वर्षांत 'दुखते' म्हणाले नाहीत."

शेवटचा प्रश्न वाचताना मलेच जड गेलं. "आपण घरच्यांवर ओझं झालो, असं वाटतं का?"

काकूनं काकांकडे पाहिलं. काका छताकडे पाहून राहिले होते.

"'हव' म्हणतील. लिही."

मी 'हो' लिहिलं, फॉर्म मिटला.

"आता मले विचार," काकू म्हणाल्या.

"तुमच्यासाठी रकाना नाही, काकू."

"मंग बाजूले लिही, बायको 'नाही' म्हणते. अन् मोठ्यानं वाचून दाखव. यांले ऐकू येते."