खुंटीवरचं नाव

मंडळी, बसलात ना नीट? मागे ऐकू येतंय? मग एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातल्या मनात द्या. विष्णूला हजार नावं. आमच्या तातूकाकांना ती हजारही पाठ आहेत. मधेच एखादं चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून म्हणतात, आणि घरात जेवणं खोळंबतात! चांगलं आहे. पण आता सांगा, ज्याला एकच नाव आहे, त्या माणसाला आपण त्या नावानं कितीदा हाक मारतो?

सोपा वाटला प्रश्न? मग ऐका.

आपल्यासारखंच एक खाडीकाठचं गाव. तिथं जयवंत खानविलकर म्हणून चौतीस वर्षांचा बागायतदार. हापूसची दोनशे कलमं. माणूस वाईट नव्हे हो! सणासुदीला गड्यांना घरात पंगतीला बसवायचा, कुणाला उपाशी ठेवलं नाही. बागेत राखणीला नेपाळचा एक माणूस होता. जयवंतच्या वडिलांच्या वेळेपासून, बारा हंगाम. वयानं जयवंतपेक्षा चांगला डझनभर वर्षांनी मोठा. आणि जयवंत त्याला काय म्हणायचा? "ए बहादूर, इकडे ये रे."

बहादूर का? तर त्या बागेत फार पूर्वी जो पहिला राखणदार होता, त्याचं नाव खरंच बहादूर होतं. तो गेला, नाव राहिलं. खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखं! पुढे येईल त्यानं तोच अंगात घालायचा, मापाचा असो-नसो. अहो, गोठ्यात नवी म्हैस आली तर तिलासुद्धा आपण जुन्या म्हशीचं नाव देत नाही!

गावही मागे नव्हतं. कुणी गुरखा म्हणायचं. दुकानाच्या पायरीवरची टवाळ मंडळी डोळे बारीक करून "हां शाब" अशी नक्कल करायची. तोही हसायचा. हसायचा म्हणजे त्याला आवडायचं असं समजू नका. परक्या मुलखात हसणं ही कितीदा तरी नुसती छत्री असते. डोक्यावर धरायची आणि पुढे चालायचं.

तर एप्रिलातली दुपार. आंबे काढणं चाललेलं. हा झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन वर चढलेला. फांदी मोडली आणि तो खाली आला तो कापलेल्या खुंटावर. मांडी फाटली. रक्त थांबेना. जयवंतनं चादर फाडून घट्ट बांधली, गाडीत घातलं आणि शहरातल्या इस्पितळात नेलं. वाटेत पाच-सहा वेळा हाक मारली, बहादूर, अरे बहादूर. पापणी हलली नाही.

इस्पितळात कागद पुढे आला. नाव? जयवंतनं सांगितलं, बहादूर. आडनाव? माहीत नाही. वय? असेल चाळीसेक. गाव? नेपाळ. आता नेपाळ हे काय गाव आहे? पण त्याला तेवढंच येत होतं.

मी चाळिशी उलटल्यावर अक्षरं शिकलो, मंडळी. पाटीवर पहिलं काय लिहिलं असेल? 'अ' नाही, 'ग' नाही. स्वतःचं नाव! तेव्हा कळलं की कागदावर नाव नसणं म्हणजे काय असतं.

असो. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि रक्त चढवायला हवं म्हणून सांगितलं. जयवंतनं पुन्हा बहादूर म्हणून हाक मारली, तरी पापणी हलली नाही. नमुना गेला, पिशवी आली. लोखंडे सिस्टर ती घेऊन खाटेपाशी आल्या आणि थांबल्या. कारण पलीकडच्या खाटेवर दुसऱ्या बागेतला माणूस होता, पोटातून रक्त जाऊन अर्धमेला झालेला. त्याच्याही मालकानं काय लिहून दिलं होतं? बहादूर, नेपाळ, वय चाळीस! दोन खाटा, दोन पिशव्या, रक्ताचे गट वेगळे आणि चिठ्ठीवर नाव एकच.

सिस्टरांनी विचारलं, "तुमचा कुठला?"

"आंब्याच्या बागेतला."

"दोघंही आंब्याच्या बागेतलेच आहेत. नाव सांगा."

जयवंत म्हणाला, नंबर असेल ना घातलेला. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "नंबर घालणाराही माणूसच. नाव आणि नंबर दोन्ही जुळल्याशिवाय मी पिशवी लावत नाही. चुकीचं रक्त गेलं तर माणूस जाईल."

जयवंतनं घरी बायकोला फोन लावला. अगं, आपल्या बहादूरचं खरं नाव काय गं? स्वरूपा वहिनींनी एका दमात सांगितलं, "हर्कमान राई. सेहेचाळीस वर्षं. बायकोचं नाव मनमाया."

"तुला कसं माहीत?"

"मी विचारलं होतं."

बस्स, एवढंच! यात कुठलं तप होतं? कुठला उपास?

नाव मिळालं, पण आधीचा नमुना खोट्या नावावर गेलेला. पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तपासायला पाठवलं. पाऊण तास लागणार. इकडे पट्टीवरचा लाल डाग हळूहळू मोठा होतोय आणि जयवंत दाराबाहेरच्या बाकावरून बघतोय. वेळ गेला तर माणूस जाणार, आणि हा वेळ त्याच्या एका शब्दानं घालवलेला.

बसल्या बसल्या त्याला आजोबा आठवले. भिकाजी खानविलकर. तरुणपणी मुंबईत एका शेठच्या घरी कामाला होते. त्या काळी कोकणातून घरकामाला गेलेल्या प्रत्येक गड्याचं नाव एकच असायचं. जुन्या लोकांना माहीत आहे. काय? रामा! जिन्यावरून आवाज आला, ए रामा, की तीन मजल्यांवरून पाच रामा बाहेर! आजोबा ही गोष्ट हसत सांगायचे. पण शेवट सांगताना हसायचे नाहीत. दोन वर्षांनी बोटीनं गावी आले, बंदरावर आईनं "भिकू" म्हणून हाक मारली आणि हा बाप्या ट्रंक खाली ठेवून रडायला लागला.

तीच हाक आपण एका माणसाकडून बारा वर्षं काढून घेतली, हे जयवंतला त्या बाकावर कळलं.

पिशवी आली. या वेळी चिठ्ठीवर पुरतं नाव. सिस्टर वाकून म्हणाल्या, "हर्कमान राई? हर्कमान, ऐकू येतंय का?" आणि त्यानं डोळे उघडले. चमत्कार म्हणू नका हं! डॉक्टर म्हणाले, सलाईननं तरतरी येतेच. असेल. पण त्याच सलाईनवर मघाशी बहादूर म्हटलेलं त्याला ऐकू आलं नव्हतं, हेही असेल.

माणूस वाचला. पलीकडचाही वाचला. त्याचं नाव टेकबहादूर निघालं. म्हणजे तो निम्मा तरी खरा होता!

तिसऱ्या दिवशी जयवंत पेज घेऊन गेला. स्टुलावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'तुम्ही' म्हणाला. "इतकी वर्षं चुकीच्या नावानं हाक मारली. बोलला का नाहीत?"

हर्कमान म्हणाला, "पहिल्या वर्षी सांगितलं होतं, मालक. मोठे मालक म्हणाले, जीभ वळत नाही. मग ठरवलं, आंब्याच्या दिवसांत बहादूर, घरी गेलो की हर्कमान."

"आता काय म्हणू?"

"नाव घ्या. मोठा वाटलो तर पुढे दाइ लावा. आमच्याकडे थोरल्या भावाला दाइ म्हणतात."

जयवंत गडबडला. "आमच्याकडे दाई म्हणजे सुईण हो."

हर्कमान हसला आणि मांडी धरली. "हसवू नका. टाके ओढतात."

"मग तुम्हीही मालक म्हणू नका. जयवंत म्हणा."

त्यानं पेजेचा वाडगा हातात घेतला. मग म्हणाला, "जयवंतभाइ. धाकट्याला भाइ म्हणतात."

हे त्यांचं झालं. आता आपलं. कुणाचा रंग वेगळा, डोळे वेगळे, केस वेगळे. त्यावरून हाक बनवू नका. नाव विचारा. काय म्हटलेलं आवडेल ते विचारा. जीभ वळत नसेल तर चार वेळा वळवा. सहस्रनामात वळतेच की!

आता गजर करायचा आहे. पण थांबा. ते बघा, मागे दाराशी, चपलांच्या शेजारी चौघं बसलेत. रोज तुमच्या बागा राखतात, आज कीर्तनाला आलेत. त्यांची नावं कुणाला माहीत आहेत? हात वर करा.

एकही नाही?

पेटीवाले, सूर तसाच धरून ठेवा. घाई नाही. मंडळी, जरा सरकून पुढे जागा करा आणि त्यांना विचारून या. आधी त्यांची नावं येऊ देत. मग देवाचं नाम घेऊ.