ईशान्य कोपऱ्यातला कमोड

इंजिनिअर झाला म्हणजे माणूस शहाणा होतो असं तुम्हाला वाटत असेल, तर आमच्या श्रीधरला एकदा भेटा. डोंबिवलीतल्या केमिकल कंपनीतून रिटायर झाला आणि त्याने छोटी शिडाची बोट घेतली. तिच्यासाठी पोर्टेबल टॉयलेट निवडताना या विद्वानाने दुकानातल्या प्रत्येक मॉडेलवर बसून पाहिलं. बोट कलली तरी घसरू नये म्हणून ते पट्ट्यांनी आवळून तळाला पक्कं केलं आणि पुढे पडदा लावला.

मग मोठ्या कौतुकाने मला खाडीत फिरायला नेलं आणि वर थर्मासभर चहा पाजला. व्हायचं ते झालं. मी पडद्याकडे निघालो, तर म्हणाला, "आत्ता नको रे. टॉयलेट ईशान्येला आलंय. देवाची दिशा ती."

"मग सरकव."

"सरकू नये म्हणूनच तर बांधलंय ना? वारा आला की बोट वळेल, तेव्हा जा."

वारा साफ पडलेला. मी आयुष्यभर पालिकेच्या शौचालयांवर बातम्या केल्या. तिथे पाणी नसतं, कडी नसते, पण वास्तुशास्त्रापायी मला कुणी ताटकळत ठेवलं नव्हतं. शेवटी वल्हं उचललं आणि बोट मीच फिरवली. श्रीधरने होकायंत्र बघून परवानगी दिली, "हं, आता वायव्य. जा."

मी जेमतेम टेकलो, तोच पडद्याबाहेरून आवाज आला, "अरे, आवर लवकर. वारा आलाय."