इरल्याची परीक्षा

घोडेगावच्या स्टँडवर, शेजारच्या बाकावर दोघी म्हाताऱ्या.

"झुंबरबाई, पावसात डोक्यावर घ्यायची इरली विनायला निम्म्या गावाला तुमीच शिकवलं. सरकारचा गुरूचा पुरस्कार तुमालाच मिळनार."

"कुठला? सायेब म्हनला, आदी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आना."

"मग?"

"बसले तीन दिस ट्रेनिंगला."

"तुमाला कोन शिकवनार?"

"आमची सून, रुपाली. तिच्याकडं सर्टिफिकेट हाय."

"तिला तर तुमीच शिकवलं."

"व्हय. म्हनून पुढं बसवलं मला."

"पास केलं ना?"

"न्हाई. म्हनली, आत्या, तुमचा हात लई भरभर चालतो, सायेबाला धाडायच्या परीक्षेच्या व्हिडिओत काय दिसत न्हाई. आता हळू विनायला शिकते."

"हळू विनलं की बांबूच्या ओल्या कामट्या सुकत्यात. इरलं गळंल की."

"गळू दे. व्हिडिओत पाऊस न्हाई."