सोनाराच्या लेकीचं लग्न

(नगर जिल्हा, १९७२. दुष्काळी कामावर मजुरांच्या मुलांना लिंबाखाली शिकवणारे म्हातारे रंगनाथ गुरुजी, आणि दहा वर्षांची मुक्ता. तिच्या हातात खडी फोडायचा हातोडा आहे.)

गुरुजी : जा, अडवत नाही. पण आधी डोळे मीट आणि समज, तू जर्मनीतल्या एका राजवाड्यात आहेस.

मुक्ता : गोष्ट नको मला. खडीवरच्या लंकाबाईनं आईचं डोकं विहिरीच्या कठड्यावर आपटलंय. केस धरून. दोनदा.

गुरुजी : शेजारची पुष्पावती फडकं बांधतेय ना तुझ्या आईला? तेवढा वेळ मीट.

मुक्ता : मिटले.

गुरुजी : तिथल्या राजानं राणी जिवंत असताना एका सोनाराची लेक ठेवली होती.

मुक्ता : बन्सीनानांनी आईला ठिवली तशी?

गुरुजी : तशीच. पुढं राणी वारली, तेव्हा राजानं तिच्याशी लग्न लावलं.

मुक्ता : पाट म्हना की, दुसरेपनाचं लगीन. नानांची पहिली मेली, मग आईशी पाट लावला.

गुरुजी : बरं, पाट. त्या साली तिथं धान्य महागलं. लोक म्हणाले, या बाईचा पायगुण.

मुक्ता : लंकाबाई बी तेच म्हनती. पाटाच्या रातीनंतर उजाडंस्तवर नवरीचं तोंड सवाशिनीनं बघू न्हाई. आई अंधारात पान्याला गेली, लंकाबाईनं बघितलं, म्हनून पाऊस न्हाई. आवो, उजाडल्यावर विहिरीत गाळच ऱ्हातो. मग कधी जायाचं?

गुरुजी : लोकांनी राजवाडा वेढला. काचा फोडल्या. तिच्या गाडीवानाला खाली ओढून दात पाडले. घोड्याच्या पोटात सुरी खुपसली.

मुक्ता : घोड्यानं काय केलं हुतं?

गुरुजी : काहीच नाही.

मुक्ता : आन राजा?

गुरुजी : आत. कडी लावून.

मुक्ता : नाना बी मळ्यात जाऊन बसल्यात.

गुरुजी : मग लोक दार तोडून आत आले. बाईला फरफटत पायऱ्यांवर आणलं. तिची मुलगी तिथंच होती. दहा वर्षांची. हातात आजोबांचा हातोडा.

मुक्ता : हातोडा तुमी आत्ता घातला, गुरुजी.

गुरुजी : घातला. महायुद्धाच्या वेळी नगरच्या किल्ल्यातल्या एका जर्मन कैद्यानं मला ही गोष्ट सांगितली. मुलीचं त्यानं काही सांगितलंच नाही.

मुक्ता : मंग तुमीच सांगा.

गुरुजी : तू सांग. सगळ्यांत पुढं जी बाई आहे, तिनंच आईला मारलंय. तिच्या कडेवर लेकरू आहे.

मुक्ता : लंकाबाईच्या कडंवर बी गोरख असतो. माज्याकडं लई झेपावतो त्यो.

गुरुजी : हं.

मुक्ता : हातोडा घातला तर त्येला बी लागंल.

गुरुजी : लागेल.

मुक्ता : आन नाय घातला तर त्या बाया उद्या बी मारतील.

गुरुजी : मारतीलही. मग मुलीनं काय केलं?

मुक्ता : डोळे उघडू?

गुरुजी : उघड.

मुक्ता : तिनं आईला काखंत हात घालून उठवलं. हातोडा तसाच हातात. सगळ्या बाया बघत हुत्या, ऊन डोक्यावर आलं हुतं. आन ती आईला म्हनली, चल, गाळ का आसंना, पानी भरायचं राह्यलंय.