उष्टी हवा आणि सिलिंडरची चावी

सभेचे अध्यक्ष आणि माझे थोरले दीर आदरणीय आप्पासाहेब, बदली होऊन नांदेडला निघालेल्या आपल्या डॉक्टर चांगुणा सोनकांबळे बाई, व्यासपीठावरचे मान्यवर, आणि मंडपाची सावली धरून बसलेल्या मायबहिणींनो,

मी दानम्मा. मुरुडच्या किराणा दुकानदार ईश्वरप्पांची बायको. सभा आहे म्हणून नाव घेतलं, एरवी मी त्यांना मालकच म्हणते.

लातूर जिल्हा नवा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ आला, त्या वर्षीची गोष्ट. मालकांची बिडी आधीपासूनच होती, त्यात धूळ मिळाली. दम लागायचा. पुढं पुढं तर साखर तोलता तोलता झोप लागू लागली. गिऱ्हाईक काट्याकडं बघतंय आणि मालक घोरतायत! कुणी आळस म्हणालं, कुणी दृष्ट म्हणालं. ओठ निळे पडले तेव्हा भावजींनी, म्हणजे अध्यक्षसाहेबांनी, जीप काढून आम्हाला लातूरला आणलं.

बाईंनी तपासलं. श्वासावाटे बाहेर पडायचा तो वाईट वायू रक्तात किती साचलाय ते बघायचं म्हणाल्या. त्यासाठी सुईनं रक्त काढायचं म्हटल्यावर मालक अर्धवट झोपेतही घाबरून उठून बसले. मग बाईंनी रबराची पिशवी आणली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि त्याच पिशवीत श्वास सोडायचा, तोच परत घ्यायचा. लग्नानंतर पहिल्यांदा मालक माझ्यासमोर इतका वेळ गप्प होते.

भावजी तापले. ज्याला हवा पुरत नाही त्याला त्याचीच उष्टी हवा पाजता, असं त्यांनी विचारलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? आमच्या घरात उष्टं चालत नाही. पण बाई शांतपणे म्हणाल्या, पिशवीतली हवा नि रक्तातला वायू थोड्या वेळात सारखे होतात. मग पिशवी मोजली की रक्त कळतं.

मोजलं. वायू फारच निघाला.

आता भावजींचं म्हणणं, ऑक्सिजन पूर्ण सोडा. बाईंनी अगदी थोडा सोडला. अशा माणसाचा श्वास हवेच्या भुकेवरच चालतो, एकदम पोट भरलं तर श्वास मंदावतो, आणि आतला वायू आणखी साचतो, असं मला समजावून त्या दुसऱ्या रोग्याकडं गेल्या. भावजी सिलिंडरच्या चावीकडं निघाले.

बायांनो, तोवर मी भावजींसमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, तोंड उघडणं तर दूरच. बाई चुकल्या असल्या तर? माझ्या कपाळाचं कुंकू जायचं होतं, भावजींच्या नव्हे. तरी मी सिलिंडरला पाठ लावून उभी राहिले.

"भावजी, हात लावू नका."

"दानम्मा, भाऊ हाय माझा."

"माझा मालक हाय. बाई येईस्तोवर न्हाई."

भावजी थांबले. नंतर खाली गेले आणि मला चहा पाठवला. ही त्यांची थोरवी, हे त्यांच्या तोंडावर सांगते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी. वायू उतरला होता. मालकांनी डोळे उघडून बिडी मागितली. बाईंनी जे सुनावलं ते या सभेत सांगण्यासारखं नाही. बिडी सुटली. पुढं एकदा बाईंनी तसल्याच पिशवीवरून त्यांचं काळीज किती रक्त ढकलतं तेही काढलं. दुकानदारच ते, "माप पुरं भरलं का?" म्हणून विचारलं. पुरं होतं.

बाई, नांदेडकरांचं भाग्य मोठं. बोलताना काही अधिकउणं झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. बाई, तुमचे उपकार आहेत. आता मालक दम न लागता तासन् तास बोलतात. एवढं सोडलं तर तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.